मिटलेल्या कप्प्यातला दिवा

गाडी घेतली ती २०१८ साली. बँकेतून निवृत्त होऊन मला तीन महिने झाले होते आणि ग्रॅच्युइटीच्या पैशांचं काय करायचं यावर घरात खल चालू होता. सौ.चं म्हणणं होतं, गच्चीची गळती आधी बंद करा. मुलगा म्हणत होता, मुदत ठेवीत टाका. शेवटी अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, देवघरातून म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांना गाड्यांसाठी कर्जं दिलीस. आता एकदा स्वतःच्या गाडीत बस." अक्काच्या शब्दापलीकडे आमच्या घरात कोणी जात नाही. आठ दिवसांत दारात एक छोटी पांढरी गाडी उभी राहिली. तिच्या नंबरप्लेटला हार घालताना अक्काचे डोळे भरून आले होते. गच्ची अजून गळते.

आमचं गाडी वापरणं म्हणजे तरी काय? रविवारी ज्योतिबा नाहीतर नृसिंहवाडी, महिन्या-दीड महिन्यातून कुणाचं लग्न-मुंज आणि मधूनमधून अक्काचा दवाखाना. अक्काला दमा आहे. वय अठ्ठ्याहत्तर. तेव्हा गाडी ही आमच्या घरात चैनीची वस्तू राहिलेली नव्हती, औषधाच्या कपाटासारखी ती हाताशी असायला हवी होती. पाच वर्षं तिनं काही त्रास दिला नाही. मग २०२३ चा एप्रिल आला.

त्या एप्रिलमध्ये गाडीतली थंड हवा एकाएकी गरम झाली. हायवेवरच्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी नेली. तिथली व्यवस्था मोठी देखणी. काचेची खोली, आतमध्ये सोफे, फुकट कॉफी आणि समोर संगणकावर बसलेला एक हसतमुख तरुण. त्याला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणतात. त्यानं तपासून सांगितलं, "सर, कूलिंग कॉइल लीक आहे. गॅस सगळा गेलाय. कॉइल डॅशबोर्डच्या मागं असते, त्यामुळे पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल. दोन दिवस लागतील."

डॅशबोर्ड उतरवायचा म्हणजे काय, याची मला तेव्हा कल्पना नव्हती. दुसऱ्या दिवशी सहज डोकावलो तर गाडीची अवस्था पाहून पोटात कालवलं. स्टिअरिंग एका बाजूला, समोरचा सगळा काळा सांगाडा फरशीवर आणि आतून रंगीबेरंगी वायरींचे जुडगे लोंबताहेत. घरातल्या माणसाला ऑपरेशनच्या टेबलावर पाहू नये म्हणतात, तसंच हे. तिसऱ्या दिवशी गाडी धुऊन-पुसून परत मिळाली. बिल साडेचौदा हजार. एसी असा गार की अक्कानं शाल मागितली. मी समाधानानं सही केली. त्या कागदावर वरच्या बाजूला 'आपली तक्रार पूर्णपणे दूर झाली आहे' असं छापलेलं होतं.

त्यानंतर रविवारी वाडीला जाऊन आलो. सोमवार ते बुधवार गाडी दारात उभी होती. गुरुवारी सकाळी किल्ली फिरवली, तर आतून नुसतं 'टक् टक्' ऐकू आलं. बॅटरी पार उतरली होती.

शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर केबल लावून गाडी चालू केली आणि तशीच हायवेवर नेली. हसतमुख तरुणानं ऐकून घेतलं. म्हणाला, "सर, तुमचं रनिंग फार कमी आहे. शिवाय बॅटरी पाच वर्षांची झालीय. बदलून टाका." युक्तिवादात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पाच वर्षं म्हणजे बॅटरीचं म्हातारपणच. चार हजार आठशे पन्नास रुपये मोजून नवी बॅटरी घेतली. ही गोष्ट मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली. त्या महिन्यात नातीला सुट्टी होती, रोज कुठंतरी फिरणं होतं, गाडी रोज चालत होती. काही झालं नाही. एकच बारीकशी तक्रार तेव्हा नातीनं केली होती. डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेलं तिचं चॉकलेट वितळून कागदाला चिकटलं होतं. आम्ही म्हटलं, मे महिन्याचं ऊन, दुसरं काय होणार?

जूनमध्ये शाळा सुरू झाली, गाडी पुन्हा दारात उभी राहायला लागली आणि चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच, टक् टक्. या वेळी बॅटरी नवी कोरी होती.

पुन्हा हायवे. या वेळी मी जरा आवाज चढवून म्हणालो, "एसीच्या कामाआधी असं कधीच झालं नव्हतं. तुम्ही डॅशबोर्ड उघडलात आणि तेव्हापासून हे चालू आहे." तरुणानं संगणकात पाहिलं आणि शांतपणे, अगदी आदरानं जे सांगितलं ते वाक्य मी विसरणार नाही. का, ते पुढं सांगतो. तो म्हणाला, "सर, एसीची कंप्लेंट क्लोज झालीय. बॅटरीचा आणि तिचा काही संबंध नाही. हा नवीन विषय आहे. याच्यासाठी नवीन जॉब कार्ड उघडावं लागेल."

उघडलं. गाडी एक रात्र तिथं ठेवून घेतली. सकाळी फोन आला, "सर, एका सेल्फमध्ये चालू झाली. काही प्रॉब्लेम नाही." तपासणीचे साडेसहाशे रुपये भरून मी गाडी घरी आणली. दुखणं डॉक्टरांसमोर गप्प बसावं आणि घरी आल्यावर पुन्हा ठणकायला लागावं, तसं हे दुखणं. गाडी आठवड्यातून चारदा ठणठणीत असायची आणि पाचव्यांदा मान टाकायची. आम्ही तिला चार्जर आणून दिला, रोज संध्याकाळी विनाकारण रंकाळ्याला चक्कर मारून आणली. सौ. म्हणाली, "घोड्याला चंदी घालावी तसं हिला रोज फिरवायचं आता."

आषाढातली ती रात्र. मुलगा कामानिमित्त बंगळूरला गेलेला. पहाटे साडेतीनला अक्काच्या खोलीतून आवाज आला. जाऊन पाहतो तर ती पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसलेली, ओठ निळसर, श्वास घेताना गळ्याजवळची कातडी आत ओढली जातेय. पंपाचा उपयोग होत नव्हता. सूनबाईनं १०८ ला फोन लावला, मी खाली धावलो. बाहेर पाऊस कोसळत होता. तीन दिवस पावसामुळे गाडी हललेली नव्हती. किल्ली फिरवली.

टक् टक्.

मी पुन्हा फिरवली. पुन्हा. त्या अंधाऱ्या पोर्चमध्ये मी त्या किल्लीला काय काय विनवलं असेल, ते इथं लिहिण्यासारखं नाही. रुग्णवाहिका निघाली होती, पण ती शहराच्या दुसऱ्या टोकाहून यायची होती. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी दुधाचा टेम्पो थांबला. आमच्याकडे रोज दूध टाकणारा हा गडी, त्याच्याशी माझं बोलणं महिन्यातून एकदा बिलापुरतं. त्यानं कॅन जागेवर उतरवून ठेवले, अक्काला लहान मुलासारखं उचलून केबिनमध्ये बसवलं आणि वाटेतला एकही खड्डा न चुकवता, पण एक क्षणही न दवडता आम्हाला हॉस्पिटलच्या दारात नेऊन सोडलं. ऑक्सिजन लागला. उजाडेपर्यंत अक्काच्या ओठांवर रंग परत आला. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत." मी काही बोललो नाही. वेळेवर मी आणलं नव्हतं.

त्या दिवशी घरी येऊन मी टेबलाशी बसलो आणि तक्रारीचा मसुदा लिहायला घेतला. बँकेत शाखाधिकारी असताना ग्राहक मंचाच्या नोटिसा मी पलीकडच्या बाजूनं हाताळलेल्या आहेत. त्यामुळे कायदा काय सांगतो ते मला ठाऊक होतं. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन आता २०१९ चा आलेला आहे, तो जुलै २०२० पासून लागू झाला. मंचाला आता आयोग म्हणतात. पूर्वी जिथं दुकान किंवा त्याची शाखा असेल, प्रकार जिथं घडला असेल, त्या जिल्ह्यात खेटे घालावे लागत. आता ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील द्यायलाच हवा असं नाही. मुदत दोन वर्षांची. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथं आधी तक्रार नोंदवली की पुष्कळ प्रकरणं आयोगापर्यंत जायच्या आधीच मिटतात. आणि या नव्या कायद्यात सेवेतल्या त्रुटीची जी व्याख्या आहे तिच्यात एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे. नुसता निष्काळजीपणाच नव्हे, तर ग्राहकाला सांगायला हवी ती माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा त्रुटीच.

१९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं तेव्हा 'ग्राहक राजा' ही कल्पना ऐकून दुकानदार हसत असत. तिथपासून इथवर आपण आलो, ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण मसुद्याच्या तिसऱ्या परिच्छेदाशी माझं पेन अडलं. दोष आहे हे मी सांगू शकत होतो, पण दोष कुठं आहे ते मला सांगता येत नव्हतं. 'दुरुस्तीनंतर झाला म्हणून दुरुस्तीमुळे झाला' हे म्हणणं मनाला पटतं, पण कागदावर टिकत नाही. बँकेतल्या माणसाला हे कोणी शिकवायला नको. आधी फरक शोधायचा, मग बोलायचं.

म्हणून मी उद्यमनगर गाठलं. कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की शिवाजी उद्यमनगर हा आमच्याकडचा विश्वकर्म्याचा मोहल्ला आहे. ओतकाम, लेथ, वेल्डिंग, वायंडिंग, काय म्हणाल ते तिथं होतं. तिथं एका पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांचं विजेचं काम करणारे एक मिस्त्री आहेत. साठीचे, डोळ्यांवर जाड चष्मा, पायात स्लीपर. त्यांनी सगळी हकिगत ऐकली. मधे एकदाही बोलले नाहीत. फक्त शेवटी विचारलं, "किती दिवस उभी राहिल्यावर बंद पडती?"

हा प्रश्न मला तोवर कोणीही विचारला नव्हता.

"तीन-चार दिवस."

"एका रात्रीत?"

"कधीच नाही."

ते हसले. "मग एक रात्र ठेवून त्यांना काय घंटा कळणार!"

त्यांनी बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडवली आणि वायर व बॅटरी यांच्यामध्ये अँपिअर मोजणारा मीटर जोडला. दरवाजा उघडा ठेवून त्याच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरनं फिरवली, म्हणजे गाडीला वाटावं की दार लागलंय. मग मला स्टूल दिलं. "बसा अर्धा तास. हल्लीच्या गाड्यांना झोपायला वेळ लागतोय. तिच्या डोक्यातले कॉम्प्युटर एकेक करून निजतात. तिला झोपू द्या, मग बघू."

अर्ध्या तासानं त्यांनी मीटर पाहिला आणि मला बोलावलं. आकडा होता ०.४३.

"साहेब, गाडी झोपंना झालीय."

मग त्यांनी समजावून सांगितलं, ते मी माझ्या भाषेत सांगतो. गाडी बंद असली तरी घड्याळ, कुलूप, रेडिओची स्मरणशक्ती यांना थोडी वीज लागते. निजलेल्या गाडीचा हा खर्च साधारण ०.०५ अँपिअरच्या आत असायला हवा. आमचा होता ०.४३. म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-तासांचा उपसा. बॅटरी पस्तीसची. तीन दिवसांत तीस गेले, की गाडी सुरू करण्यापुरतंसुद्धा शिल्लक राहत नाही. एका रात्रीत मात्र फार तर चार-पाच जातात, सकाळी गाडी हसत चालू होते. रोज चालणाऱ्या गाडीत गेलेलं तेवढं भरून निघतं, दोष कळतच नाही. मे महिन्याचं कोडं तिथंच सुटलं. वर्कशॉपमध्ये गाडी खोटं का बोलत होती, तेही कळलं. गाडी खोटं बोलत नव्हतीच, तिला प्रश्न चुकीचा विचारला होता.

मिस्त्रींनी मग फ्यूज एकेक करून काढायला सुरुवात केली. एक काढायचा, मीटर पाहायचा, परत लावायचा. मी पाहत राहिलो आणि मला आमच्या शाखेतल्या बॅलन्सिंगच्या रात्री आठवल्या. फरक राहिला की अशीच एकेक पानावरची बेरीज तपासत जायची. नवव्या फ्यूजला आकडा धाडकन ०.०२ वर आला. "आतल्या दिव्यांची लाइन," मिस्त्री म्हणाले. पण आतले सगळे दिवे बंद दिसत होते. छतावरचा बंद, डिकीतला बंद. अंधार पडत आला होता. "उद्या आणा," ते म्हणाले, "तोवर हा फ्यूज काढून ठेवतो."

घरी आल्यावर जेवताना मी हे सगळं सांगितलं. नात तिसरीत आहे. ती घास हातात धरून म्हणाली, "आजोबा, माझं चॉकलेट परवा परत वितळलं होतं."

"मग?"

"पण परवा तर पाऊस होता."

आम्ही सगळे तिच्याकडे पाहत राहिलो. मे महिन्यातलं चॉकलेट उन्हानं वितळलं, हे ठीक. पण धो धो पावसात? कप्प्यात उष्णता आली कुठून? कप्प्यात एक छोटा दिवा आहे, झाकण उघडलं की लागतो, मिटलं की विझतो. निदान आम्ही तसं धरून चाललो होतो. पण मिटल्यावर तो विझला की नाही, हे पाहणार कसं? पाहायला झाकण उघडावं, तर तो लागणारच.

नातीनं हेही सोडवलं. "फोनवर व्हिडिओ चालू करायचा, फोन आत ठेवायचा, झाकण लावायचं." सकाळी फ्यूज परत लावून आम्ही तसंच केलं. एक मिनिटानं फोन काढून पाहिला. चित्रात झाकण मिटलं, 'खट्' आवाज आला आणि त्यानंतर संबंध मिनिटभर आतली गाडीची पुस्तिका, विम्याची कागदपत्रं आणि अक्काच्या खोकल्याच्या गोळ्या पिवळ्या उजेडात लख्ख दिसत होत्या. पाच वॅटचा एक इवलासा दिवा. एप्रिलपासून, रात्रंदिवस, मिटलेल्या कप्प्यात कोणालाही न दिसता जळत होता.

मिस्त्रींनी दोन मिनिटांत कारण दाखवलं. झाकण मिटताना दिव्याचं बटण दाबलं जावं म्हणून झाकणाला आतून रबराची एक गुंडी असते. ती जागेवर नव्हती. डॅशबोर्ड उतरवून चढवताना पडलेली. त्यांनी दुसरी गुंडी चिकटवली आणि दोनशे रुपये घेतले. मीटर ०.०२ वर आला. गाडी झोपली.

आता ते वाक्य. 'हा नवीन विषय आहे, नवीन जॉब कार्ड उघडावं लागेल.' मी का विसरणार नाही म्हणालो, तर ते वाक्य माझं होतं.

१९८६ चा जून. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अधिकारी म्हणून नवा होतो. हातानं लिहायच्या लेजरांचे दिवस. एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आमचे खातेदार होते. सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणे. त्यांच्या खात्यावर सहामाही व्याजाचे पंचेचाळीस रुपये चढले नव्हते. त्यांनी अर्ज दिला, आम्ही दुरुस्ती केली. दोन हजार सहाशे पंच्याऐंशीमध्ये पंचेचाळीस मिळवले की होतात दोन हजार सातशे तीस. आमच्या क्लार्कनं घाईत लिहिले दोन हजार तीनशे सत्तर. मधले दोन आकडे उलटे पडले. शेजारी तपासल्याची सही माझी होती.

आठवड्यानं गुरुजींनी मुलाच्या कॉलेज आणि वसतिगृहाच्या फीसाठी दिलेला अडीच हजारांचा चेक शिल्लक अपुरी म्हणून परत गेला. ते काउंटरशी आले. हातात घरी केलेल्या बेरजेचा कागद. मी लेजर न उघडताच म्हणालो, "गुरुजी, व्याजाची तुमची तक्रार मिटलेली आहे. हा वेगळा विषय. नवा अर्ज लिहून द्या."

महिनाअखेरीस लेजरचा ताळा जुळेना. फरक तीनशे साठ. जुने हेडक्लार्क म्हणाले, नऊनं भाग जातोय, आकडे कुठंतरी उलटे पडलेत. कोणतेही दोन आकडे उलटे पडले की येणाऱ्या फरकाला नऊनं भाग जातोच, हे गणित बँकेत प्रत्येकाला पाठ असतं. रात्री अकराला गुरुजींचं पान सापडलं. मी तांबड्या शाईनं दुरुस्ती करून सही केली. गुरुजी पुन्हा आले तेव्हा म्हणालो, "जुळला हिशेब. आता काळजी करू नका." त्यांनी विचारलं, "माझं कुठं चुकत होतं हो?" मी म्हणालो, "चालायचंच गुरुजी, होतं असं." दरम्यान पेन्शन जमा होऊन काही रक्कम काढलीही गेली होती, पासबुकावरून कोणाला काही कळण्यासारखं राहिलं नव्हतं. ग्राहक संरक्षण कायदा त्याच वर्षी २४ डिसेंबरला झाला. बँकांसाठी लोकपाल नेमायला तर १९९५ उजाडावं लागलं. पण गुरुजींना एक वाक्य हवं होतं, त्यासाठी कायदा कशाला लागत होता?

वर्कशॉपच्या व्यवस्थापकांना मी व्हिडिओ दाखवला, मीटरच्या आकड्यांचा कागद दिला. दोन्ही जॉब कार्डं शेजारी शेजारी ठेवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बॅटरीचे आणि तपासणीचे पैसे परत करतो म्हणाले. मी म्हटलं, पैसे द्याच, पण 'आमच्या दुरुस्तीत त्रुटी राहिली' एवढं एक वाक्य लेखी द्या. पैसे लगेच मान्य झाले, वाक्याला पाऊण तास लागला. पण मिळालं. मसुदा मग मी फाडून टाकला.

बाहेर पडताना फाटकाशी एक पोरगेलासा मेकॅनिक मागून धावत आला. इकडं तिकडं पाहत म्हणाला, "काका, त्या दिवशी डॅशबोर्ड मीच बसवला होता. ती गुंडी पडलेली मला कळली होती. शोधली, सापडली नाही. डिलिव्हरीची वेळ झाली होती. मला वाटलं, रबराची गुंडी, त्यात काय होतंय. सांगितलं असतं तर पगारातून कापलं असतं." त्याचे हात तेलानं काळे झाले होते आणि ते थरथरत होते. अक्काच्या त्या रात्रीविषयी त्याला सांगावं असं ओठांवर आलं होतं. मी सांगितलं, पण आवाज न चढवता. तो खाली पाहत राहिला. मग मी त्याला गुरुजींचीही गोष्ट सांगितली. त्याला उपदेश करण्याचा मला अधिकार नव्हता. त्यानं निदान तीन महिन्यांत सांगितलं होतं.

गाडी दुरुस्तीला देणाऱ्यांना मी एवढंच सुचवीन. देताना काय काय चालू आहे ते जॉब कार्डावर लिहून घ्या, दिव्यांपासून काचांपर्यंत. कामासाठी काय काय उघडणार, हे विचारा. बदललेले जुने भाग परत मागा. घेताना त्याच यादीवर एकदा बोट फिरवा. आणि नवा दोष आला तर नव्या जॉब कार्डावर जुन्याचा क्रमांक लिहायला लावा. दोन गोष्टींचा संबंध नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्याला कळत नाही अशा रीतीनं आपल्याच गळ्यात पडते. ती पडू देऊ नये.

ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली तेव्हा मी त्या तालुक्याच्या गावी जाऊन आलो. गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली. गुरुजी जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. ज्याच्या फीचा तो चेक होता, तो मुलगा आता स्वतःच निवृत्त मुख्याध्यापक आहे. मी सगळं सांगितलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"फीचे पैसे त्यांनी उसने आणले होते," तो म्हणाला. "त्याचं काही नाही, ते फेडले. पण नाना नंतर कधी हिशेबाची वही एकट्यानं लिहीत नसत. बेरीज केली की मला तपासायला द्यायचे. म्हणायचे, बँकेचं चुकत नसतं, माझंच डोकं चालेनासं झालंय. छत्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस."

पुष्कळ वेळ आम्ही दोघंही बोललो नाही. निघताना तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, "एक विनंती आहे. आई अजून आहे, तिला वाचून दाखवता येईल. हे तेवढं लिहून द्याल का?"

एकेकाळी मी त्यांच्या वडिलांना म्हणालो होतो, लिहून द्या. तेव्हा आता मी लिहून देतो. जून १९८६ मध्ये गुरुजींच्या खात्यावर दोन हजार सातशे तीस रुपये होते. बेरीज त्यांची बरोबर होती. चूक आमची होती आणि तपासल्याची सही माझी होती.